‘मॅडम, मिस्टरांचा नंबर द्या’

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राहते. उद्यानविद्येत एम.एस्सी. केले आहे आणि लग्नानंतर सासरची द्राक्षबाग पाहते. छाटणी, फवारणी आणि विरळणीचे निर्णय माझे असतात. मजूर आणि व्यापारी यजमान सांभाळतात. द्राक्ष बागायतदारांच्या एका मोठ्या ऑनलाइन ग्रुपवर मी काही वर्षे लिहीत आहे. डाऊनीवर (द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग) किंवा रेसिड्यूवर (फळात उरणारा औषधाचा अंश) लिहिले की ‘मॅडम, मिस्टरांचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलतो’ असे उत्तर येते, आणि तेच एखाद्या औषध दुकानदाराने लिहिले की त्याचे आभार मानले जातात. याची सवय झाली होती. गेल्या महिन्यात, जमिनीतला वाटा सोडल्याची जी हक्कसोडपत्रे बहिणींकडून घाईघाईने घेतली जातात त्यांबद्दल आणि बहिणींच्या वाट्याच्या कायद्याबद्दल मी लिहिले आणि सगळेच बिघडले. ‘आधी स्वतःचे घर सांभाळा’, ‘नवऱ्याने लगाम सोडलेला दिसतो’ इथपासून चारित्र्यापर्यंत मजल गेली. बागेतला माझा फोटो घेऊन त्याचा घाणेरडा स्टिकर केला गेला. समाजात तेढ लावल्याबद्दल माझ्यावरच तक्रार करू, असेही एकाने लिहिले. ॲडमिन म्हणतात, ‘ग्रुप शेतीचा आहे, वाद नको, पोस्ट काढा.’ यजमान माझ्या बाजूचे आहेत, पण म्हणतात की ‘तू गप्प बस, मी एकेकाला उत्तर देतो.’ भाऊ म्हणतो, पुरुषाच्या नावाने खाते उघड. सासूबाईंना चारचौघांत नाव गेल्याची काळजी आहे. ग्रुपमधल्या काही बायका ‘ताई, बरोबर लिहिलंत’ असे खासगीत कळवतात, ग्रुपवर मात्र कोणी बोलत नाही. त्यांतली एक म्हणते, आपण बायकांचा वेगळा ग्रुप काढू. मी ग्रुप सोडू, नाव बदलू की फक्त औषधांवर लिहीत राहू? एका अनोळखी खात्यावरून रात्री संदेश येतात. ‘कॅनॉलकडच्या बागेत सकाळी एकटीच असतेस ना’ असे परवा आले. त्याकडे दुर्लक्षच केले आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात जी गोष्ट अगदी शेवटी, जवळजवळ जाता जाता आली आहे, ती मी सर्वांत आधी घेते. तुमची बाग कोठे आहे आणि तेथे तुम्ही कधी एकट्या असता हे माहीत असल्याचे जो माणूस रात्री तुम्हाला कळवतो, तो चर्चेत भाग घेत नाही, तो तुम्हाला धमकावतो आहे. ग्रुपवरच्या टोमण्यांच्या ढिगात हा संदेश टाकून देऊ नका. आजच त्या संपूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या. त्यांत खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. त्या खात्याची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा, कारण नाव बदलता येते. संदेश काढून टाकू नका, आणि ज्या फोनवर ते आले तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. पुढे पुरावा म्हणून मूळ उपकरणाला महत्त्व येते. त्यानंतर त्या खात्याला एकदाच, एकच वाक्य लिहा : ‘मला पुन्हा संदेश पाठवू नका.’ त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा आणि मग ब्लॉक करा. हे वाक्य मी उगाच सुचवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलागाचा जो गुन्हा सांगितला आहे, त्यात स्त्रीने स्पष्टपणे नकार दर्शवल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे हा एक भाग आहे, आणि तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणे हा दुसरा. तुमचा नकार लेखी असला, की पुढच्या संदेशाचे स्वरूप बदलते. धमकीसाठी मात्र अशा नकाराचीही गरज नाही. कलम 351 तिला लागू होते आणि ती नाव लपवून दिलेली असेल तर त्याच कलमात जादा शिक्षा आहे, त्यामुळे बनावट खात्यामागे लपणाऱ्याला तो आडोसा उपयोगी पडत नाही.

तक्रार तुमच्या पोलीस ठाण्यात द्या. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून परत पाठवण्याची सोय आता उरलेली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि पाठलाग, लैंगिक छळ किंवा स्त्रीच्या विनयाचा अपमान अशा गुन्ह्यांत पीडित स्त्रीने दिलेली माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे. ती मागणी तुम्ही हक्काने करा. ठाण्यात जाण्याआधी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक सोबत ठेवलात, तर बोलणे सोपे जाईल; 1930 हा त्याचा मदत क्रमांक आहे. यजमानांना आणि सासूबाईंना हा संदेश दाखवा, आणि काही दिवस सकाळी बागेत एकट्या जाऊ नका. हे सांगताना मला वाईट वाटते, कारण जाणे-येणे बदलण्याची पाळी धमकी देणाऱ्यावर यायला हवी. तरीही तुमची सुरक्षितता आधी.

स्टिकरचा मार्ग वेगळा आहे. फोटोत फेरफार करून तो फिरवला असेल, तर 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा तक्रारीवर माध्यम कंपनीने चोवीस तासांत मजकूर हटवण्याची पावले उचलायची, असे बंधन घातले गेले. ही तक्रार ज्याचा फोटो आहे त्याला स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येते. हे काम यजमानांकडे सोपवा. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता आपल्या संकेतस्थळावर देणे आवश्यक आहे. नुसते ‘रिपोर्ट’चे बटण दाबून थांबू नका, त्या अधिकाऱ्याला लेखी कळवा.

आता ‘तुमच्यावरच तक्रार करू’ या धमकीविषयी. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंद राहिल्याबद्दल एका तरुणीने समाजमाध्यमावर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, एवढ्यावरून पालघरच्या त्या दोघींना अटक झाली होती. ज्या कलमाचा त्यासाठी आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. बहिणींच्या वाट्याचा कायदा समजावून सांगणे हा गुन्हा नव्हता आणि नाही. पालघरची घटना मला दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाची वाटते. ‘त्रासदायक’, ‘आक्षेपार्ह’ असे कसेही ताणता येणारे शब्द कायद्यात आले, की ते उघडपणे बोलणाऱ्या दोन मुलींवरच उलटतात. म्हणून घाणेरडे लिहिणाऱ्या प्रत्येकाला तुरुंगात पाठवा, असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. धमकी, पाठलाग आणि शरीरावरून केलेली अश्लील शेरेबाजी यांसाठी पोलीस आहेत. ‘लगाम सोडलेला दिसतो’ यासाठी पोलीस नकोत. तेथे ग्रुपमधल्या माणसांनी उभे राहायला हवे, आणि तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला तोच वाटतो.

तुम्ही लिहिता की ‘मिस्टरांचा नंबर द्या’ याची सवय झाली होती आणि हक्कसोडपत्राच्या पोस्टनंतर सगळे बिघडले. मला या दोन्ही गोष्टी एकाच मुळातल्या दिसतात. फुलोऱ्याच्या आधी पाऊस लागून राहिला तर घडावर येणारी डाऊनी कशी ओळखायची, हे तुम्ही लिहिले असेल. वाचणाऱ्याला ती माहिती हवी होती, फक्त ती तुमची आहे हे त्याला मान्य करायचे नव्हते. त्याने सभ्य शब्दांत ती तुमच्या यजमानांच्या नावावर करून टाकली. औषधांविषयी बोलत होतात तोवर तेवढ्यावर भागत होते. वाटणीविषयी बोललात तेव्हा यजमानांकडे बोट दाखवून भागेना, कारण तो विषय वाचणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातला निघाला. कोणाच्या बहिणीची सही गेल्या वर्षीच झालेली असेल, कोणाची यंदा व्हायची असेल. तुमच्या मुद्द्याला उत्तर नव्हते, म्हणून तुमचे घर, तुमचा नवरा आणि तुमचा फोटो हे विषय झाले. इतक्या सगळ्या कमेंटांमध्ये ‘कायदा असा नाही, तुम्ही चुकीचे लिहिले आहे’ असे म्हणणारा एक तरी आहे का, हे मनावर दगड ठेवून एकदा पाहा. तुम्ही जे लिहून पाठवले आहे त्यात तरी तसा कोणी नाही.

हे तुमच्याच वाट्याला आलेले नाही. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने 2016 मध्ये आपल्या लेखांखालच्या सुमारे सात कोटी प्रतिक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय कोणताही असो, स्त्रियांच्या लेखांखाली काढून टाकाव्या लागलेल्या प्रतिक्रियांचे प्रमाण पुरुषांच्या लेखांपेक्षा अधिक होते, आणि क्रीडा व तंत्रज्ञान यांसारख्या विभागांत, जेथे लिहिणारे मुख्यतः पुरुष होते, तेथे हा फरक अधिक ठळक होता. द्राक्षबागायती हा आपल्याकडे तसाच पुरुषांचा मानला गेलेला विभाग आहे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या भारतातील शाखेने 95 महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली 1,14,716 ट्विट तपासली, तेव्हा त्यांतली 13.8 टक्के त्रासदायक किंवा शिवीगाळीची निघाली. मुस्लिम महिलांना धर्मावरून आणि वंचित जातींतल्या महिलांना जातीवरून होणारी शिवीगाळ इतर महिलांच्या तुलनेत कितीतरी अधिक होती. तुमच्या ग्रुपमध्ये एखादी दलित किंवा मुस्लिम शेतकरी स्त्री असेल, तर ती का लिहीत नाही याचा अंदाज यावरून यावा.

मोठ्या राजकारण्यांची तुलना आपल्याशी कशाला, असे तुम्हाला वाटेल. मी करते ती एका कारणासाठी. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे 33.3 टक्के स्त्रियांनी आणि 57.1 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. वापरणाऱ्यांतल्या किती जणी चारचौघांच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहितात, आणि त्यांतल्या किती शेतीवर लिहितात? ग्रामीण भागातल्या कामकरी स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत राबतात, परंतु 2015-16 च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून स्त्रीचे नाव असलेली शेतजमिनीची खाती देशभरात सुमारे 14 टक्केच होती. बागेत विरळणीला, डिपिंगला (घड द्रावणात बुडवायला) बायका असतात. बागेविषयी बोलायला मात्र त्यांचा मालक लागतो. अशा ठिकाणी तुमच्यासारखी एक लिहिती बंद झाली, तर ती एका सदस्याची घट नसते.

हे वाचून ‘म्हणून तुम्ही सोसून तेथेच राहा’ असा अर्थ कृपया काढू नका. मी तसे म्हणत नाही. सगळ्या स्त्रियांच्या वतीने किल्ला लढवण्याची जबाबदारी एकटीवर टाकणे हाही अन्यायच आहे, आणि ‘कातडी जाड करा’ हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. तो सल्ला देणारे शिव्या थांबवण्याचे काम शिव्या खाणारीवर सोपवतात. हे काम कोणाचे आहे ते ठरवले पाहिजे, आणि त्यात पहिले नाव ॲडमिनचे येते.

गोंदिया जिल्ह्यात 2016 मध्ये एक प्रकरण घडले. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने ग्रुपमधल्याच एका महिलेविषयी अश्लाघ्य भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढले नाही की माफी मागायला लावली नाही, म्हणून महिलेच्या तक्रारीवरून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये ॲडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सदस्याने काय लिहिले याची फौजदारी जबाबदारी, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट असल्याशिवाय, ॲडमिनवर टाकता येत नाही. सदस्यांना घेणे आणि काढणे एवढाच त्याचा मर्यादित अधिकार, असे न्यायालयाने म्हटले. कायदा म्हणून हा निकाल मला योग्य वाटतो. पण त्यातली दुसरी ओळ तुमच्या ॲडमिननी लक्ष देऊन वाचावी. घेणे आणि काढणे हा अधिकार तर त्यांच्याकडे आहेच, आणि आज ते तो वापरायला निघाले आहेत, मात्र तुमच्या पोस्टवर. शिवी देणाऱ्याची कमेंट जागेवर राहिली आणि कायदा सांगणारीला पोस्ट काढायला सांगितले, तर ॲडमिनने कोणाची बाजू घेतली हे सर्व सदस्यांना दिसते.

‘ग्रुप शेतीचा आहे’ या त्यांच्या म्हणण्याला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेने महिलांचे अधिवेशन भरवले, त्याला लाखांनी शेतकरी बायका आल्या होत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला आणि गावोगाव शेतकऱ्यांनी स्वतःहून आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. कांद्याच्या आणि कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या संघटनेला सातबाऱ्यावरचे बाईचे नाव हा शेतीचा प्रश्न वाटला होता. महाराष्ट्राने तर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती 1994 मध्येच केली, केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीआधी अकरा वर्षे. पीक कर्जापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. मग ते नाव कोणाचे हा विषय शेतीबाहेरचा कसा?

ॲडमिनना हे ग्रुपवर लिहू नका, खासगीत पण लेखी कळवा, म्हणजे त्यांना माघार घ्यायला जागा राहील आणि तुमच्याकडे नोंदही राहील. मी साधारण असे लिहीन : ‘माझ्या पोस्टमधली कायद्याची माहिती चुकीची असेल तर दाखवून द्या, मी ती जाहीरपणे दुरुस्त करीन. पोस्ट मी काढणार नाही. माझ्या कुटुंबावर आणि चारित्र्यावर केलेल्या कमेंटांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. त्या आठ दिवसांत काढाव्यात, स्टिकर टाकणाऱ्या सदस्याला वगळावे, आणि विषयावर बोलावे, व्यक्तीवर बोलू नये असा नियम ग्रुपच्या माहितीत लिहावा. नियम केल्यास तो मलाही लागू राहील.’ यात विनंती किती आणि मागणी किती, हे तुमच्या स्वभावाप्रमाणे ठरवा, पण मुदत काढून टाकू नका. शिवाय एकट्या ॲडमिनवर अवलंबून राहू नये म्हणून त्यांना दुसरा ॲडमिन नेमण्याचे सुचवा, आणि ती स्त्री असावी असेही सुचवा. तुमच्याखेरीज दुसरी कोणी.

आता खासगीत पाठिंबा देणाऱ्यांविषयी. त्यांच्यावर रागावू नका, तुमच्यासारखा पाठीशी उभा राहणारा नवरा प्रत्येकीला असतोच असे नाही. मात्र त्यांचा पाठिंबा खासगीतच राहिला तर त्याचा तुम्हाला होणारा उपयोग फार थोडा, हे त्यांना प्रेमाने सांगा आणि एक छोटी गोष्ट मागा. ‘ताईंचे बरोबर आहे’ असे लिहिणे जड जात असेल, तर तुमच्या पोस्टखाली विषयावरचा एक प्रश्न विचारा, म्हणावे : आईच्या नावावरच्या जमिनीचे काय, लग्न 1994 च्या आधी झाले असेल तर काय. असे चार-पाच प्रश्न आले की पोस्टखालचे बोलणे पुन्हा विषयावर येते. ग्रुपमधल्या पुरुषांकडूनही हेच मागा, आणि अधिक हक्काने मागा. तुमच्या डाऊनीच्या सल्ल्यावर ज्यांची बाग वाचली ते बागायतदार या ग्रुपमध्ये असतीलच. त्यांतल्या दोघा-तिघांना फोन करा. ‘माझी बाजू घ्या’ असे म्हणू नका, ‘माझ्या सल्ल्याचा तुम्हाला उपयोग झाला होता, तेवढे ग्रुपवर लिहा’ असे सांगा.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले. सुरतेच्या एका विधवेला अर्भकहत्येसाठी शिक्षा झाल्यावर वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला दिलेले ते उत्तर होते. पुस्तकावर आणि बाईंवर टीकेची झोड उठली. त्या वेळी जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू उघडपणे मांडली. एका मान्यवर पुरुषाने खासगीत शाबासकी देऊन थांबायचे नाही असे ठरवले, ते आजही आपल्याला वाचायला मिळते. तरीही ताराबाईंचे त्यानंतरचे दुसरे पुस्तक आपल्याकडे नाही. बाजू घेणारे आणखी पाच-दहा जण निघाले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणूनच तुमच्या ग्रुपमधल्या गप्प बसलेल्यांविषयी मी इतके लिहिते आहे.

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि एकेकाला उत्तर देण्यापासून त्यांना थांबवा. त्यांचा राग मला समजतो. पण ते तुमच्या वतीने भांडायला उतरले, तर ‘मिस्टरांचा नंबर द्या’ म्हणणाऱ्यांना हवे होते तेच मिळेल : बाई बाजूला आणि दोन पुरुषांची जुंपलेली. त्यांनी स्वतःच्या नावाने, एक बागायतदार म्हणून एकदाच लिहावे. ‘आमच्या बागेतले फवारणीचे निर्णय माझी पत्नी घेते, त्याबद्दल विचारायचे असेल तर तिलाच विचारा, हक्कसोडपत्राबद्दल तिने लिहिलेले मला मान्य आहे’, एवढे पुरे. ज्यांच्याकडे नंबर मागितला जात होता त्यांनीच तो परत तुमच्याकडे वळवणे, याचा परिणाम तुमच्या दहा पोस्टपेक्षा अधिक होईल असे मला वाटते.

पुरुषाच्या नावाने खाते उघडण्याचा भावाचा सल्ला आपुलकीचा आहे. नाव लपवून लिहिणे ही आपल्याकडे नामुष्की मानू नये. बाळूताई खरे यांनी 1933 मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने कथासंग्रह प्रसिद्ध केला होता आणि त्या नावाने त्यांना लिहिण्याची मोकळीक दिली. पण ते नावही स्त्रीचेच होते. तुमच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तुमच्या शब्दाला वजन आहे ते तुमच्या शिक्षणामुळे आणि तुमच्या बागेतल्या घडांमुळे, आणि ही दोन्ही तुमच्या नावाशी जोडलेली आहेत. ‘संदीप’ होऊन लिहिलेत तर आभार मिळतील, ते संदीपचे असतील. शिवाय द्राक्षपट्ट्यात माणसे एकमेकांना ओळखतात. ते खाते कधी तरी उघडे पडेल आणि मग तुम्ही खोट्या ठराल. नाव ठेवा, पण माहिती कमी करा. प्रोफाइल अनोळखी माणसांसाठी बंद करा, मुलांचे फोटो काढून घ्या, बागेचा फोटो टाकताना मागचा रस्ता, कॅनॉल किंवा गावाची पाटी दिसणार नाही असे पाहा आणि फोटो त्याच दिवशी टाकू नका. अनोळखी खात्यांचे संदेश थेट न येण्याची सोय प्रत्येक माध्यमात असते, ती चालू करा.

बायकांचा वेगळा ग्रुप अवश्य काढा, मात्र मोठ्या ग्रुपच्या बदल्यात काढू नका. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि ती चांगली चालते तेथे बायका आपापसात बोलून, मुद्दे पक्के करून मग ग्रामसभेत जातात. तुमच्या ग्रुपनेही तसेच करावे. तेथे चर्चा व्हावी, शंका फिटाव्यात, आणि मग तिघी-चौघींनी एकाच दिवशी मोठ्या ग्रुपवर लिहावे. एकटीच्या पोस्टवर तुटून पडणे सोपे असते, चौघींच्या पोस्टवर तितके सोपे नसते.

सासूबाईंच्या काळजीची टर उडवू नका. त्यांच्या पिढीत नाव गेलेल्या बाईचे काय होत असे ते त्यांनी पाहिले आहे. त्यांना ती पोस्ट एकदा पूर्ण वाचून दाखवा. कमेंट वाचून दाखवू नका, पोस्टच वाचा. माहेरच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव होते का आणि सही कोणी, कधी घेतली, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नसण्याचा संभव आहे.

ग्रुप सोडायचा की नाही याचे उत्तर ॲडमिनच्या उत्तरावर ठेवा. आठ दिवसांत काहीच झाले नाही, तर ज्या ग्रुपचे चालक तुमची माहिती घेतात आणि तुमची अब्रू उघड्यावर टाकतात त्याला आणखी काही देणे तुम्ही लागत नाही. निघताना कारण लिहून निघा आणि दुसरीकडे लिहा. मुदत पाळली गेली तर राहा, पण लगेच पुन्हा वाटणीवर लिहिलेच पाहिजे असे स्वतःवर बंधन घालू नका. गोड्या छाटणीच्या (फळे धरण्यासाठीच्या छाटणीच्या) धावपळीत पंधरा दिवस ग्रुप न उघडणे यात हार नाही. ‘फक्त औषधांवर लिहीत राहू का’ या प्रश्नाला मात्र माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. औषधांवर लिहिण्याची परवानगी तुम्हाला त्यांनी दिलेली नाही, ती जागा तुम्ही ज्ञानाने मिळवली आहे, आणि तिच्या सीमा कमेंटमधल्या शिव्यांनी ठरू नयेत.

दरम्यान पोस्टखाली एक काम राहिले आहे. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या कमेंटांमध्ये एका तरुण बागायतदाराने विचारले आहे की, ‘बहिणीने स्टॅम्प पेपरवर हक्कसोड लिहून देऊन नोटरी केली आहे, ते चालते का?’ त्या गदारोळात त्याला कोणीच उत्तर दिलेले नाही. त्याला तुम्ही उत्तर द्या. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडण्याचा दस्त 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसत्या नोटरीने तो हक्क जात नाही. महसूल दप्तरातली फेरफाराची नोंदही मालकी देत नाही की काढून घेत नाही. आणि दस्त नोंदवण्याआधी बहिणीला तिच्या वाट्याची किंमत माहीत आहे का, हे त्याने तिला घरी बसून, घाई न करता विचारावे, असेही त्याच उत्तरात लिहा.